कापडाखालची दहा बोटं

सर टाइप करायला बसले की आधी कीबोर्डवर पांढरा पंचा पसरायचे आणि दोन्ही हात त्याच्याखाली घालायचे. मग हलायचा तो फक्त पंचा. पहिल्यांदा आलेले पेशंट तोंडानं मला दुखणं सांगायचे, पण डोळे त्या पंच्यावर. एका आजोबांना तपासून, औषध लिहून बाहेर पाठवलं, तर ते दारातून परत आले आणि हळूच म्हणाले, "बाई, त्या सरांनी कापडाखाली काय धरलंय?"

धरलं काही नव्हतं. पाथरीत सरांचं मराठी टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. नव्या विद्यार्थ्यानं बटणांकडे बघू नये म्हणून त्याच्या हातांवर फडकं टाकायची तिथली शिस्त. कॉम्प्युटर आले, मशिनी भंगारात गेल्या, इन्स्टिट्यूटला कुलूप लागलं, पण सरांच्या हातांवरचं कापड काही निघालं नाही. तालुक्यातले तलाठी, कोर्टातले कारकून, शाळांमधले क्लार्क, निम्मे त्यांच्या हाताखालून गेलेले. म्हणून गावाला ते 'टायपिंगवाले सर'. तिथल्याच एका संस्थेच्या दवाखान्यात त्यांना डेटा एंट्री ऑपरेटर म्हणून घेतलं, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत डॉक्टर म्हणून मी येऊन बसले. मी परभणीची, नुकतीच एमबीबीएस झालेली, वय सव्वीस. सर अठ्ठावन्नचे. कागदावर ते माझ्या हाताखाली होते.

त्यांचं टायपिंग जुन्या मशीनच्या पद्धतीचं. बटणावर इंग्रजी अक्षर एक, उमटायचं मराठी अक्षर भलतंच. त्यामुळे त्यांच्या कॉम्प्युटरला दुसरं कुणी हात लावू शकत नसे. एकदा ते पाणी प्यायला उठले असताना मी घाईनं एका बाईंचं नाव टाइप केलं, तर पडद्यावर असं काही उमटलं की ते वाचायला जीभ वळेना. सर आले, वाकून वाचलं. मला वाटलं खोडतील. ते म्हणाले, "राहू द्या की. कुनी विचारलं तर सांगतो, डॉक्टरबाईचं अक्षर हाय."

खोडणं त्यांना मान्यच नव्हतं. मागं जाऊन अक्षर पुसायच्या बटणाला ते 'रिव्हर्स गियर' म्हणायचे. "मशीनवर चुकलं की कागद वाया जायचा, मॅडम. म्हनून मानूस आधी इचार करायचा, मग बोट उचलायचा." दर सोमवारी नखं कापायची, झोपताना बोटांना खोबरेल, आणि कुणाशी हात मिळवायचा नाही. मुख्य कार्यालयातले साहेब एकदा हात पुढे करून उभे राहिले, तर सरांनी लांबूनच नमस्कार केला आणि मला म्हणाले, "त्यांची पकड बगितली का? पैलवानासारखी. माझी करंगळी गेली आसती."

पण सरांची खरी गंमत वेगळीच होती. त्यांना बटणांकडे बघावं लागत नव्हतं, पडद्याकडेही नाही. म्हणून ते पेशंटच्या तोंडाकडे बघत टाइप करायचे. मी मात्र पडद्याकडे बघत विचारायची. दोन महिन्यांत माझ्या लक्षात आलं की पेशंट स्टुलावर बसतात माझ्यासमोर आणि बोलतात त्यांच्याशी. मी विचारायची, "किती दिवस दुखतंय?" आणि बाई सरांकडे वळून म्हणायची, "तुमाला म्हनून सांगते सर, पोळ्यापासून."

त्यांच्या भाषेत हे 'बयान'. इन्स्टिट्यूट चालत असताना दुपारी ते तहसीलच्या बाहेर अर्जही टाइप करत, तिथला हा शब्द. रांगेतला पेशंट आत आला की मी स्टेथोस्कोप कानाला लावायच्या आत ते हात वर करायचे. "थांबा मॅडम. बयान होऊ द्या." म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख बहुतेक दवाखान्यांत एक जानेवारी टाकतात आणि वय अंदाजे. सरांना ते चालत नसे. "आज्जी, गावात लाईट आली तवा तुमच्या कडेवर कोन होतं?" असं सुरू करून ते तिच्या नातवंडांपर्यंत जायचे आणि दहा मिनिटांनी विजयी मुद्रेनं वय सांगायचे. बाहेर रांग दारापर्यंत आलेली असायची.

आमच्या कॉम्प्युटरवरच्या नोंदींच्या प्रोग्रामची पद्धत सरांच्या अगदी उलट होती. तक्रारीच्या रकान्यात टाइप करायचंच नाही. चाळीस तक्रारींची तयार यादी उघडायची, त्यातली एक निवडायची. ताप, खोकला, ॲसिडिटी, अंगदुखी. तपासणीच्या रकान्यात एक बटण दाबलं की घसा, छाती, पोट, पाय सगळं आपोआप 'ठीक' व्हायचं. पेशंट पुन्हा आला की मागच्या वेळची नोंद जशीच्या तशी खाली उतरवता यायची. आणि संध्याकाळी दिवसभराच्या नोंदी डॉक्टरनं वाचून मंजूर करायच्या, त्यासाठीही एकच बटण होतं, 'सर्व मंजूर'. मला हे सगळं फार आवडलं होतं. दिवसाला शंभराच्या वर पेशंट व्हायचे आणि परभणीची शेवटची बस मला गाठायची असायची.

सर यादीतून निवडायचे, पण एका बोटानं, नाक मुरडून. मग सगळ्यात खाली 'शेरा' नावाचा एक मोकळा रकाना होता, तिथं पंचा हलायला लागायचा. पेशंट जे बोलला ते, त्याच्याच शब्दांत. 'टाचंत काटा भरल्यासारखं, पन काटा न्हाई.' 'डोस्क्यात मळनीयंत्र चालू हाय.' 'सून बोलली की छातीत धडधड, ती माहेरी गेली की बरं.'

"सर, हे कोण वाचणार?" मी एकदा वैतागून विचारलं.

"तुमी."

"मला वेळ आहे का?"

"मंग कुनीच न्हाई," ते म्हणाले आणि पुढच्याला आत बोलावलं. "ज्याची जीभ, त्याचे शब्द, मॅडम. आपुन फक्त बोटं."

त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी, एका बाजारच्या दिवशी, पेशंट संपल्यावर सरांनी त्यांचा मोबाईल माझ्यापुढं ठेवला. आमच्याच संस्थेचा आपोआप येणारा मेसेज होता. 'प्रिय गवळण, तुमच्या बाळांच्या लसीकरणाची वेळ झाली आहे. कृपया दवाखान्यात यावे.'

"कोण गवळण?" मी विचारलं.

"आपली पेशंट हाय. पाच डाव येऊन गेली. तुमीच मंजूर केलंय."

मला चेहरा आठवेना. त्यांनी नोंद उघडून दिली. नाव गवळण पाथरीकर. वडिलांचे किंवा पतीचे नाव, माहीत नाही. वय तीन वर्षे. वजन अठ्ठावीस किलो. पहिली भेट, तक्रार भूक न लागणे. शेऱ्यात, 'बाभळीचा पाला तोंडात धरीना.' तपासणी, सर्व ठीक. दुसरी भेट, शेरा, 'आता खाते. रात्रंदिवस चघळते.' तिसऱ्या भेटीत ती गरोदर होती. चौथ्या भेटीत, 'गोठ्यातच मोकळी झाली. जुळी. एक काळं, एक बांडं. दोन्ही उभी राहिली.' पाचव्या भेटीत, 'शिंगाला दोरी घासती.' प्रत्येक नोंदीखाली माझं नाव, माझा नोंदणी क्रमांक आणि मंजूर.

मी शिंगापर्यंत आले आणि थांबले.

"सर, ही शेळी आहे."

"हाय ना. आमच्या घरची. लय गुनाची."

मला आधी हसू आलं, मग घाम फुटला, आणि मग राग आला. मी त्यांना बरंच काही बोलले. माझी नोकरी जाईल, माझी नोंदणी जाईल, तुम्हाला गंमत सुचते. ते पंच्याची घडी घालत ऐकत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "पैल्या डावाला मी दुसऱ्या दिवशी वाट बगितली. म्हनलं, आज मॅडम आपल्याला झापनार. तुमी काईच बोलला न्हाईत. मग मीच जरा परेशान झालो. म्हनलं, शेळीचं मंजूर झालं तर मान्साचं काय व्हायलंय?"

मी गवळणच्या पाचही नोंदी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. त्या दिवशी बस चुकली.

दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी नोंदी वाचायला लागले. सुरुवात केली ती केवळ भीतीनं, आणखी एखादी गवळण तर नाही ना म्हणून. गोदाकाठच्या एका गावातल्या मेंढपाळ घरातली एक आजी चौथ्याच दिवशी माझ्या समोर आली. म्हणजे तिची नोंद. ती आजी मला आठवत होती, वाळकी, डोक्यावरचा पदर दातात धरून बसणारी. तिला मी तीन वेळा ॲसिडिटीची औषधं दिली होती. यादीत ॲसिडिटी, तिन्ही वेळा. मागची नोंद खाली उतरवलेली, पुढच्या दोन्ही वेळा. खाली सरांचा शेरा मात्र तीन तऱ्हेचा होता.

पहिल्या महिन्यात, 'भाकरीचा घास छातीत अडकायलाय. पाण्यानं ढकलावा लागतो.'

दुसऱ्या महिन्यात, 'भाकर सोडली. भात जातो.'

तिसऱ्या महिन्यात, 'भातबी उतरंना. पेजेवर हाय. लुगडं कंबरेवर टिकंना.'

तीन ओळी होत्या. वैद्यकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातल्या पोरानंही वाचल्या असत्या तर त्याला कळलं असतं की ही ॲसिडिटी नाही, अन्ननलिका बंद होत चालली आहे. आजीनं तिन्ही वेळा मला स्वच्छ सांगितलं होतं. मी तेव्हा पडद्यावरची यादी बघत होते.

"सर, ही बाई कुठं मिळेल?"

सरांनी शेरा वाचला. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला. "मी लिवलं," ते म्हणाले, "पन मलाबी त्याचा अर्थ लागला न्हाई. नुसतं लिवत गेलो."

आजीच्या घरचा फोन लागत नव्हता. मुलगा मेंढरं घेऊन वर कुठं जिंतूरकडं गेलेला. पण त्या गावचा तलाठी सरांचा विद्यार्थी. सरांनी त्याला फोन लावला, आणि पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्या बोटांवर पट्टी मारली असेल त्याच आवाजात सांगितलं, "आज्जीला उद्या सकाळच्या जीपमधी बसव. बसल्याचा फोन कर. आन् तू सोबत ये."

आजी आली. मी यावेळी कॉम्प्युटरकडे पाठ करून बसले आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. "सांगितलं की माय तुला," ती शांतपणे म्हणाली. "तीनदा सांगितलं." त्याच दिवशी तिला परभणीला पाठवलं. दुर्बिणीनं बघितलं तर अन्ननलिका एका जागी आवळून पेन्सिलीएवढी राहिलेली. गाठ नव्हती, तपासणीला पाठवलेला तुकडाही स्वच्छ निघाला. दोनदा फुगा घालून नळी मोकळी केली, अंगात रक्त नव्हतं ते भरून काढलं. तिथले डॉक्टर मला फोनवर म्हणाले, "बरं झालं पाठवलंत. आणखी उशीर झाला असता तर पाणीही गेलं नसतं." मी आभार मानून फोन ठेवला. हे कुणामुळे कळलं, हे त्यांना सांगायचं मला धैर्य झालं नाही. ते पुढं आठवडाभर टोचत राहिलं.

तोवर गवळणचा मामला शिल्लकच होता. मंजूर झालेली नोंद आम्हाला खोडता येत नव्हती. मुख्य कार्यालयातून दर चार दिवसांनी फोन यायचा की अमुक माता बाळांना घेऊन का आली नाही. शेवटी अर्ज करायचं ठरलं. सरांनी पंचा पसरला आणि तहसीलच्या दिवसांतला सगळा अनुभव ओतून अर्ज टाइप केला. 'उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की, सदर रुग्ण ही वस्तुतः शेळी असल्याने तिची नोंद रद्द होणेस विनंती आहे. तसेच तिची दोन्ही अपत्ये सुस्थितीत असून त्यांचे लसीकरण पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत करून घेण्यात आले आहे.' खाली स्वतःचं नाव टाकून त्यांनी सही केली. मी कागद शेवटपर्यंत वाचला. मग त्यांच्या सहीशेजारी माझीही सही केली.

आठवड्याच्या आत साहेब दारात. तेच, पैलवानी पकडीचे. हातात गवळणच्या पाचही नोंदींचे छापील कागद.

"हे कुणी केलं?"

"मी," सर म्हणाले.

"मंजूर मी केलंय," मी म्हणाले. "पाचही वेळा. न वाचता."

साहेबांना बहुतेक एकच माणूस हवा होता. दोन मिळाल्यावर ते जरा गोंधळले. मग त्यांनी राग शेऱ्याच्या रकान्यावर काढला. या मोकळ्या रकान्यामुळंच हे प्रकार होतात. मोकळ्या मजकुरातून अहवाल निघत नाही. तो रकाना आता बंद, सगळं यादीतून. आणि ज्यांना जमत नसेल त्यांनी घरी बसावं. हे शेवटचं वाक्य सरांकडे बघून होतं.

सर उठले. मला वाटलं, निघाले आता घरी. त्यांनी स्टूल ओढून साहेबांच्या पुढं ठेवलं. "बसा साहेब. शिकवा मला. तुमी पेशंट, मी यादीतून निवडतो. तुमचं काय दुखतंय ते सांगा."

"मला काही होत नाही."

"कायतरी आसंलच की. ह्या वयात मान्साला कायतरी आसतंच."

साहेब नाइलाजानं बसले. सरांनी हात पंच्याखाली घातले आणि त्यांच्या तोंडाकडे बघू लागले, जसे ते सगळ्यांकडे बघायचे तसे, घाई नसल्यासारखे. साहेबांनी घड्याळ पाहिलं, घसा खाकरला. मग म्हणाले, "तसं काही विशेष नाही. सकाळी पोटात गोळा येतो."

"कवा?"

"आवरून निघताना. बूट घालताना."

"रविवारी?"

साहेबांनी बुटांकडे पाहिलं. "रविवारी नाही येत," ते म्हणाले. मग आवाज खाली गेला. "वरून फोन आला की दिवसाही येतो. गेल्या वर्षीपासून. मिसेसला नाही सांगितलेलं."

पंचा हलत होता. सरांनी यादी उघडून त्यांच्याकडं वळवली. "निवडा साहेब. पोटदुखी टाकू का ॲसिडिटी?"

साहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, सगळ्या चाळीस. मग शेऱ्यात उमटलेले स्वतःचे शब्द वाचले. मी तेवढ्यात आजीची नोंद काढून त्यांच्यापुढं ठेवली, तिन्ही ओळी आणि परभणीचा रिपोर्ट. माझं काय चुकलं तेही सांगितलं. साहेबांनी चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी मला त्यांचं ब्लडप्रेशर बघायला सांगितलं. ते बरंच वाढलेलं होतं.

शेऱ्याचा रकाना राहिला. उलट महिनाभरानं 'सर्व मंजूर' हे बटणच संस्थेच्या सगळ्या दवाखान्यांतून काढून टाकलं, आणि कुठलीच नोंद उघडल्याशिवाय मंजूर होईना. बाकीच्या ठिकाणचे डॉक्टर अजून ते बटण काढायला लावणाऱ्या अज्ञात हुशार माणसाच्या नावानं बोटं मोडतात. मीटिंगमध्ये विषय निघाला की मी वहीत काहीतरी लिहीत बसते. ते पाथरीतल्या एका शेळीमुळं झालं, हे तिथं फक्त साहेबांना आणि मला माहीत आहे.

सर आणखी तीन वर्षं होते. मग साठी ओलांडली आणि आपणहून थांबले. जाताना गावातल्याच एका मुलीला तयार करून गेले. ती पंचा घेत नाही, पण बटणांकडेही बघत नाही.

गेल्या उन्हाळ्यात पेशंटच्या रांगेत नंबर लावून ते आत आले आणि स्टुलावर बसले. मी उठले तर हातानंच खाली बसवलं. डावा हात मांडीवर होता, त्याचा अंगठा आणि बोट एकमेकांवर गोळी वळल्यासारखं फिरत होतं. मला बघताक्षणी कळलं, कंपवात. मी काही विचारायच्या आत ते त्या मुलीकडे वळले.

"लिव पोरी. डाव्या हाताची करंगळी हुकूम मानत न्हाई. दोन दिवाळ्या झाल्या."

"दोन?" मी म्हणाले. "म्हणजे इथं असतानाच?"

"शेवटचं वर्ष नऊ बोटांवर काढलं, मॅडम. करंगळीची अक्षरं शेजारच्या बोटाला वाटून दिली. तुमाला कळलं न्हाई, कारन वरून कापड होतं."

मी त्यांचे हात तपासले, मनगट फिरवून पाहिलं, खोलीत चालायला लावलं. परभणीला मेंदूच्या डॉक्टरांकडे कधी जायचं ते ठरवलं. औषधानं बराच फरक पडेल, हे सांगितलं, आणि ते खरंही होतं. आता तो हात चहाचा कप धरतो. त्या दिवशी मात्र मी औषधाचं नाव दोनदा खोडून लिहिलं.

"आणखी काही त्रास, सर?"

त्यांनी विचार केला. "एक हाय. लिव. बायको सकाळ-संध्याकाळ हातात पिठाची चाळणी देती. म्हनती, तुमचा हात हालायलाच लागलाय, तर पीठ तरी चाळून होऊ द्या."

मुलीची बोटं थांबली. हसावं की नाही, हे न कळून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे पुसत मान हलवली, आणि तिनं ते टाइप केलं, चाळणीसकट.

चिठ्ठी घेऊन ते बाहेर गेले. थोड्या वेळानं मी दारातून पाहिलं, तर औषधाच्या खिडकीपुढं रांग थांबलेली. लोक त्यांना पुढं या म्हणत होते, आणि ते ऐकत नव्हते. हलणारा हात पाठीमागं धरून ते पुढच्या बाईकडे वाकून विचारत होते, "ताई, कवापासून हाय हे? सावकाश सांगा. मला घाई न्हाई."